लेश

पहाटे साडेपाचला इथला दिवस लागतो.
ग्रीनिचला तेव्हा मध्यरात्र असते, मी बारकूजींना समजावलं.
ते म्हणाले, "असू द्या जी, तुमी स्वेटर घाला."

तालुक्याची वेधशाळा म्हणजे दोन खोल्या, एक कुंपण,
चार पायांवर उभी पांढरी झिलमिलीची पेटी,
आणि बाष्पीभवनाचं भांडं, जाळी घातलेलं,
कारण माकडं पाणी पिऊन जातात
आणि नागपूरला वाटतं, काय हे ऊन!

एम.एस्सी.त मी वाऱ्याची समीकरणं सोडवली,
पुण्याला वर्षभर उपग्रहाच्या चित्रांपुढे बसले.
इथे पहिल्या दिवशी बारकूजींनी शिकवलं
ओल्या तापमापकाची मलमल कशी बदलायची:
बोटाचं तेल लागू द्यायचं नाही,
दोरा सुताचा, गाठ सैल.
एकतीस वर्षं ते हेच करतात.
अंदाज त्यांनी कधी सांगितला नाही.
"झालं ते लिवाचं काम माहं," म्हणतात,
"होनारं तुमाले."

आकाशाचे आठ भाग करायचे असतात
आणि किती भाग ढगांनी घेतले ते मोजायचं.
डिसेंबरात मोजायला काहीच नसतं.
शून्य, शून्य, शून्य.
बांधीत लाखोडी, खळ्यावर धानाचे पुंजने,
आणि माझ्या वहीत निळ्या शाईचं रिकामं आभाळ.

मग उपसागरात काहीतरी फिरू लागलं,
आणि पेंढरीहून मोटरसायकलवर तेजराम गुरनुले आले,
नाट्यमंडळाचे अध्यक्ष, खिशात तिकिटांचं पुस्तक.
"उद्या नाटक हाय. वडश्याची कंपनी. पानी येते का?"
मी म्हटलं, शक्यता चाळीस टक्के.
"म्हंजे चाळीस लोकं भिजन का?"

मी हसले नाही. त्यांनीही विनोद केला नव्हता.
मंडप, सतरंज्या, कंपनीचा अर्धा इसार,
तीन गावांत फिरलेला भोंगा.
पुण्यात परीक्षेला असा प्रश्न आला असता
तर मी तीन पानं लिहिली असती.
"होऊ द्या," मी म्हटलं. "आलाच तर बाराच्या पुढे,
थोडासा."
ते "थोडासा" कुठून आलं, अजून सापडत नाही मला.

नाटकाला गेले. दुसऱ्या रांगेत खुर्ची दिली होती.
रंगमंचावर कोण कोणाचा भाऊ निघाला ठाऊक नाही,
मी मंडपाच्या फटीतून एक चांदणी धरून बसले होते.
साडेअकराला ती गेली.
सव्वाबाराला, खलनायक हसत असताना,
मनगटावर एक थेंब.
मग दुसरा, कापडावर, टप्.

कोणी उठलं नाही.
बायांनी पदर घेतले, कोणी पोतं डोक्यावर ओढलं,
ऑर्गनवाल्याने ऑर्गनवर स्वतःची शाल टाकली
आणि एका हाताने वाजवत राहिला.
चार मिनिटं. मी घड्याळात बघितली.
तेजराम खांबाला टेकून उभे होते,
त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही,
हे सगळ्यांत वाईट होतं.

सकाळी पर्जन्यमापकाची बाटली काढली.
बारकूजींनी ती उजेडात तिरपी धरली:
तळाशी घाम आल्यासारखं काहीतरी.
मोजपात्रात ओतलं तर रेघेलाही शिवलं नाही.
"शून्य लिहू?" मी विचारलं.

पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.
"शून्य म्हंजे आलाच नाही! चार गावचे लोकं बसले होते खाली."
त्यांनी जुनी वही उघडून दाखवली,
त्यांच्याच अक्षरात, कितीतरी हिवाळे, तोच शब्द.

मी लिहिलं: लेश.
तारखेपुढे, बारीक, शाई वाळेपर्यंत फुंकत.

साडेआठचे आकडे पाठवून होत होते
तेवढ्यात फोन. तेजराम.
कालचं एक अक्षर नाही.
"म्याडम, तेवीसला शंकरपट हाय.
धुकं राहते का सकाळी?
बैलायले दान दिसाले पायजे ना."