पेव

मिरजेच्या त्याच दवाखान्यात, त्याच बाकावर
तिसऱ्यांदा पोट तडतडेपर्यंत पाणी पिऊन बसलेय.
एका बाईचा नंबर माझ्याआधी पुकारला
तर मला बरंच वाटलं.

आत थंडगार जेल,
आणि डॉक्टर नेर्लेकरांचं गप्प राहणं.
पहिल्या खेपेला त्या बोलत होत्या. हवापाणी, हळदीचा दर.
दुसऱ्या खेपेला कमी.
आता नुसती बोटं. टक. टक. रेघ ओढून मोजमाप.
आमच्या यार्डातले म्हातारे व्यापारी सांगतात,
पूर्वी भाव रुमालाखाली ठरायचा, बोटं दाबून,
तोंडातून अक्षर नाही.
चादरीखाली मी बंद पंख्याकडे बघते आणि ओळखते:
डावीकडे चार पॉइंट काहीतरी.
उजवीकडे नवीन.

चॉकलेट सिस्ट.
हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सन्मती हसला होता, नकळत.
मग येताना विश्रामबागच्या सिग्नलला
हिरवा लागला तरी त्यानं गाडी काढली नाही.

हरिपूरला आण्णा पेवं भरायचे.
तोंड एवढंसं, माणूस अंग चोरून उतरेल इतकं,
खाली पोट मोठं, काळोखाचं,
तळाला पाला, भिंतीला शेणामातीचा हात.
वर्षं गेली तरी हळदीला कीड नाही.
उघडताना आधी दोरीनं कंदील सोडायचे.
विझला, तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही.
आत जुनी हवा असते म्हणायचे,
ती माणूस ओळखत नाही.

माझ्यात दोनदा कंदील सोडला,
बेंबीतून, वायू भरून.
नंतर चार दिवस दुखला तो उजवा खांदा.
ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा,
कुणाला पटायचं?
थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, हिचं सगळंच दुखतं.

पहिल्यांदा वाटलं, निघालं.
दुसऱ्यांदा गोळ्या, मग इंजेक्शनं,
एकतिसाव्या वर्षी ऐन जानेवारीत
गळ्यापासून कानापर्यंत पेटत
मी पट्ट्यांवर क्विंटल आणि अडत मांडत होते.
मग एक वर्ष आणि सात महिने काहीच नाही.
इतकं काहीच नाही की मी पांढरी सलवार शिवली.

परत आलं ते एका पहाटे, चारच्या सुमाराला.
न्हाणीघराच्या फरशीला गाल लावून पडले
आणि राग आला नाही,
फक्त ओळख पटली.
जिन्यावरची पावलं वाजली की कळतं ना,
कोण आलं ते.

एखादी गोष्ट वाढतच सुटली, की लोक म्हणतात, पेव फुटलं.
आण्णांना हे बोलणं चालायचं नाही.
पेव फुटत नसतं, म्हणायचे.
पेव खचतं.

नेर्लेकर बाई हात पुसत म्हणाल्या,
काढता येईल हो.
पण साल सोलताना गरही येतो बरोबर, दर वेळी.
मग रक्ताच्या रिपोर्टावरचा आकडा दाखवला,
शून्य, टिंब, सहा.
टिंबावर त्यांचं नख जरा जास्तच वेळ राहिलं.

यार्डात गेले नाही.
हरिपूरची सिटी बस धरली.
महापुराचं पाणी शिरलं त्या साली आण्णांची पेवं गेली,
आता तिथं खड्डे, कडेला घाणेरी,
आणि एका तोंडावर कुणीतरी पत्रा टाकलाय,
पोरं-जनावरं पडू नयेत म्हणून.

ओट्यावर आण्णा होते.
विचारलं, एक पेव किती वेळा लिंपता येतं?
त्यांनी बोटांवर काहीतरी धरलं,
अंगठा दोन पेरं सरकला, थांबला, परत मागे आला.
उत्तर दिलं नाही.
माझ्या हातातल्या फाइलीकडे बघितलं,
जुनीच फाइल, कोपऱ्यावर पिवळी बोटं.

आज दुखतंय का?
आज नाही.
मग बस, म्हणाले,
शेंगा उकडल्यात.