किंमतीचा रकाना

सकाळी साडेसहाला शलाकाचा फोन.
तिकडे टोलेडोत रात्रीचे नऊ.
"आई, तारीख आली. सतरा ऑक्टोबर.
कदाचित आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवतील."
दोन वर्षांच्या कार्डावर एक अट होती,
ती काढायची तर दाखवून द्यायचं
की लग्न लग्नासाठीच केलं होतं.
मी दुधापाशी उभी होते,
तरी गेलंच ते उतू.

यादी आली लगेच.
दोघांच्या नावाचं विजेचं बिल, घराचा करार,
गाडीचा विमा, फोटो तारखांसकट,
ते सगळं तिच्याकडे आहे.
आमच्याकडून फक्त एक शपथपत्र:
आम्ही या लग्नाला सुरुवातीपासून ओळखतो.

सुरुवातीपासून.
तिनं कोर्टात सही केली ती एप्रिलात.
पुढचे अकरा महिने
मी फोन ह्यांच्या हातात देऊन
गॅलरीत जायचे, वाळलेले कपडे पुन्हा झटकायला.

रविवारी हे तळजाईवरून आले
आणि घाम न पुसताच अधिकारी होऊन बसले.
फोन उभा केला साखरेच्या डब्याला टेकवून.
पडद्यावर शलाका, शेजारी वेन, इस्त्रीचा शर्ट घालून.
पहिला प्रश्न ह्यांनी मनातच वाचला,
चष्मा काढला, पुसला,
"हा राहू दे," म्हणाले.
पलंगाची कुठली बाजू कुणाची,
हे कोणता बाप विचारेल?

कचरा कोण टाकतं?
वेन म्हणाला, "मी," मराठीत.
शलाका म्हणाली, "दर मंगळवारी विसरतो."
दोन उत्तरं जुळली नाहीत.
ह्यांनी वहीत बरोबरची खूण केली.

मग मीच मध्ये डोकावून विचारलं,
यादीत नसलेलं:
सासू तुझ्याशी पहिल्यांदा कधी बोलली?
तो थांबला नाही.
अकरा मार्च. तुम्ही विचारलंत,
बर्फ पडतोय का.
हो म्हणालो, तर म्हणालात, मग टोपी घाल.

मला टोपीचं आठवत नव्हतं.

शिवाजीनगर कोर्टाबाहेर
झाडाखाली टाइप करणारे राजगुरव.
मी घरून लिहून नेलेला कागद त्यांनी वाचला:
"या लग्नाला माझा विरोध होता.
मी अकरा महिने लेकीशी बोलले नाही.
खोट्या लग्नापायी कुणी
इतकं तोडून घेत नाही, साहेब."
"काकू, हे नको," ते म्हणाले,
"उगाच फाटे फुटतात.
सुखाने नांदत आहेत, एवढं पुरे."
मग नांदणे इंग्रजीत बसेना.
त्यांनी दोनदा खोडलं, चहा मागवला,
शेवटी रिसायडिंग टाइप केलं.
राहतात.
राहतात तर काय, भाडेकरूही.

मी सही केली.
नोटरीनं मान वर न करता शिक्का मारला,
शाई थोडी फाकली माझ्या आडनावावर.

परत येताना रिक्षात हे म्हणाले,
आपलं काय दाखवलं असतं गं कुणी मागितलं तर?
रेशनकार्ड, मी म्हणाले.
आणि लॉकर.
लॉकरची किल्ली कुठे असते?
ह्यांना सांगता येईना.
छत्तीस वर्षं. स्वारगेटचा सिग्नल लागला होता.
हे बाहेर बघत राहिले,
मग हळूच म्हणाले, तुझी डावी कूस.
काय?
पलंगाची बाजू.
रिक्षावाला आरशात बघत होता बहुतेक.

मी माझा घरचा कागदही पाकिटात सरकवला,
शिक्का नसलेला, मराठीतला.
शलाका ठेवील कुठेतरी,
किंवा नाही ठेवणार.

कुरिअरवाल्या पोरानं पाकीट हातानं तोललं.
आत काय?
कागद.
किंमत किती लिहू?
मी ह्यांच्याकडे पाहिलं.
त्यानं वाट न बघता शंभर लिहिलं.
"सगळे तेवढीच लिहितात," म्हणाला,
आणि चिकटपट्टी दातानं तोडली.