टोकाकडून

जोडभावी पेठेत माझं दुकान. पाटीवर नुसतं 'भंगार'.
आत दोन काटे, आणि अब्बांच्या वेळेपासूनचा नियम:
नाव कळलं तर किंमत,
नाही कळलं तर वजन.

म्हणून मी विचारत बसतो. चहा पाजून विचारतो.
तळाला भोक असलेली तांब्याची वाटी
चार महिने मी फुटकी समजत होतो.
करजगीचे एक स्वामी आले, म्हणाले,
अहो, ही पाण्यात सोडायची लग्नघरी,
बुडली की मुहूर्त.
त्या दिवशी वाटी किलोतून उठली.
न कापणारी कातर दिव्याची वात खुडायची निघाली.
तिचं पण भलं झालं.

हा मात्र कुणाला कळेना.
वीतभर पोलादी पट्टी, पोस्टकार्डाएवढी पातळ,
टोकाला एका कडेनं खाच, माशाच्या तोंडासारखी.
मूठ शिसवी. मुठीवर अंगठ्याचा खळगा,
इतका खोल की आत चिंचोका बसावा.

कंपाउंडर म्हणाले, घशातला काटा काढायचा.
मोची म्हणाला, आमचाच, पण आमच्यात असा नसतो.
टांगेवाल्यांचा गनी : घोड्याच्या खुरातला खडा.
विडीच्या कारखान्यातल्या दोघी हसल्या,
विडीचं तोंड मुडपायला एवढी मूठ कशाला, म्हणाल्या.
जो तो मूठ धरून बघायचा,
आपला अंगठा खळग्यात बसवायचा,
आणि कुणाचाच नीट बसायचा नाही.

मग मंगळवारी राजव्वा दुडम आल्या, पितळी स्टोव्ह घेऊन.
दीडशे म्हणालो. दोनशे म्हणाल्या.
बोलता बोलता, हातात होता म्हणून,
मी तो त्यांच्यापुढे केला. टोक त्यांच्याकडे.
असं देऊ नये कुणाला. चुकून झालं.

त्या मागे सरल्या नाहीत.
चिमटीत काहीतरी धरलं, काहीही नव्हतं,
आणि खाचेत अडकवलं.
माझा हात आपोआप मागे आला.
टोक पुढे गेलं. पुन्हा चिमूट. पुन्हा खाच.
असं किती वेळ, काट्याला ठाऊक.
दुकानात आम्ही दोघं
हवेचा ताणा ओवत होतो.

मग सांगितलं, स्टोव्हकडे बघत:
साखर पेठेत, मागाच्या पलीकडच्या बाजूला मी बसायची,
सात वर्षांची. नाना अलीकडे.
मधे वही, मधे फणी, नानांचा चेहरा धाग्याधाग्यांतून.
फटीतून हे टोक यायचं. मी पोगु लावायची. जायचं.
दिवसाला हजार, बाराशे.
मूठ मी आज बघतेय.

नाव काय ह्याचं, मी विचारलं. वही उघडलीच होती.
नाव? त्यांना प्रश्नच कळला नाही.
नाना 'इय्यि' म्हणायचे. म्हणजे दे.
आकड्याला म्हणायचे का मला, कोण जाणे.
ते राहू द्या, स्टोव्हचं बोला.
पावणेदोनशेवर तुटलं.

पुण्याचे जुन्या वस्तूंवाले महिन्यातून एकदा येतात,
पांढरे हातमोजे घालून.
वाटी त्यांनीच नेली. वाती खुडायची कातर पण.
हा कशाचा, म्हणाले, नाव सांगा, किंमत मागा.
मी वही बघितली. नावाच्या रकान्यात
'दे' लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात.

मी काही बोललो नाही.
टोक त्यांच्याकडे करून हात पुढे नेला.

ते झटकन मागे सरले.