उसना ळ

विक्रोळी, कन्नमवार नगर, दुसरा मजला.
खिडकीशी टेबल, टेबलावर लॅपटॉप,
लॅपटॉपवर खारी.
खारी म्हणजे मांजर. बेकरीच्या मागच्या गल्लीत सापडली,
रंगही तोच, भाजलेला.

मी गिरगावात बावीस वर्षं खिळे जुळवले. शिशाचे.
रिक्षाच्या आरशात उलट्या दिसणाऱ्या पाट्या
मला अजून सरळच वाटतात.
प्रेसमध्ये उंदीर होते, पण शिसं कोण कुरतडणार?
फार तर जुळवलेलं पान हातून निसटायचं,
शिव्या खायच्या, खिळे वेचायचे, पुन्हा उभं राहायचं.
आता सगळा छापखाना एका पातळ पाटीत मावतो
आणि पाटी उबदार असते.
दोष असेल तर तो एवढाच.

हेमांगी नागपूरहून फोनवर सांगते :
बाबा, वायर पाइपमधून घ्या.
घेतली.
बाबा, वायरला कारल्याचा रस चोळा.
चोळला.
खारीनं तो चाटून संपवला
आणि माझ्याकडे बघत बसली, अजून आहे का म्हणून.
बाबा, उठताना झाकण मिटत जा.
हे मात्र मी ऐकलं नाही.

फळणीकरांची लग्नपत्रिका होती त्या दिवशी.
चि. लवेश आणि चि. सौ. कां. मृणाल.
मी पाणी प्यायला उठलो तो फक्त पाणी प्यायला.
परत येतो तर मृणालच्या पुढे
साडेचार ओळी
लललललललललललल
आणि त्या ओळींच्या टोकाला एक पंजा, आरामात.

मी ओरडलो. ओरडायला नको होतं.
तिनं उडी मारली, पाय वायरीत,
वायरीमागून पाइप, पाइपामागून लॅपटॉप,
फरशीवर.

कोपरा फुटला. बिजागरी सैल झाली.
पडदा वाचला, कसा ते त्यालाच ठाऊक.
एक बटण मात्र उडालं ते उडालंच.
कपाटाखाली झाडू घातला : दोन शेंगदाणे, एक चावी, बटण नाही.
त्या एकाच बटणावर ल राहायचा,
आणि वरच्या माळ्यावर ळ.

मृणा. वेश. फणीकर.
मंग कार्याय, कुर्ा.
बटणाखालचं रबर काडीच्या टोकानं दाबत
मी रात्री दीडपर्यंत लग्न लावत होतो.

लॅमिंग्टन रोडवर नौशाद म्हणाला,
एक बटण मिळत नाही काका, अख्खा कीबोर्ड. एकोणीसशे.
मी त्याला सांगितलं, आमच्याकडे ळ संपला
की पोऱ्याला शेजारच्या प्रेसमध्ये धाडायचे, चिठ्ठी देऊन :
'चार ळ द्यावेत. संध्याकाळी परत.'
आणि संध्याकाळी ते यायचेही, शाई पुसून, चारच्या चार.
नौशाद ऐकत होता की स्क्रू शोधत होता, कळलं नाही.
मग त्यानं टेबलाखालून श्रीखंडाचा डबा काढला.
आत मेलेल्या यंत्रांची बटणं, मुरमुऱ्यासारखी.
हात घालून ढवळली, तीन लावून पाहिली, चौथं बसलं.
जरा वेगळं काळं. जरा उंच.
पैसे घेतले नाहीत.
परत कधी आणून देऊ, विचारलं तर हसला,
मी गंमत करत नव्हतो.

घरी माळ्यावरून टाइपाची जुनी केस खाली काढली,
तिची खणं उपटली, आत टॉवेल अंथरला,
खिडकीत, सकाळचं ऊन येतं तिथे ठेवली.
खारी बसते. अकरापर्यंत बसते.
अकराला ऊन पलीकडच्या बिल्डिंगवर जातं
आणि ती इकडे येते.

आता मी झाकण मिटतो. ती झाकणावर.
फुटक्या कोपऱ्याला लावलेली चिकटपट्टी ती नखानं उचकटते,
एक धागा, मग दुसरा.
फोन वाजतोय. फळणीकर असणार.
साडेचार ओळी मी पुसल्या होत्या.
सगळ्या पुसल्या होत्या का,
ते आता झाकण उघडल्याशिवाय कळणार नाही,
आणि ती झोपली आहे.