सहावा रकाना

भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि पान जवळ आणायचं,
भिंग पानाकडे न्यायचं नाही.
गुलफराजला हे दोनदा सांगावं लागलं.
धैदची तिसरी शेड, फेब्रुवारी,
काकडीच्या पानाची उलटी बाजू.

हा मावा, मी म्हटलं. आमच्याकडे पेढ्यातही मावाच असतो.
तो हसला. त्याच्या दीरमध्ये याला काय म्हणतात ते आठवेना त्याला.
"तिकडे कोण बघतंय, बाजी.
हात चिकट झाला की शिवी हासडायची, झालं."

रंगावर जाऊ नकोस.
उकाड्यात जन्मलेली पिवळी राहते, खुजी राहते,
तरी तिच्या पोटात लेकी असतात, डोळ्यांसकट.
कूलरच्या ओल्या भिंतीलगतची ती हिरवीकंच, थोराड,
ती अजून पोर आहे.
मिशांची पेरं मोज, उसाची मोजतात तशी.
चार, तर आजची, फार तर कालची.
पाच, तर एकदा तरी कात टाकलीय.
मग पाठीमागच्या नळ्या:
तान्हीच्या म्हणजे दोन टिंबं, उंचीपेक्षा रुंदच,
पुढे बरोबरी होते,
पुढे लांब आणि काळ्या, चूल न पेटलेल्या घराच्या धुराड्यांसारख्या.
आणि शेपूट.
चौथीपर्यंत तो नुसता बोथट त्रिकोण.
जिभेसारखं बाहेर आलं, कडेला दोन-तीन केस दिसले,
तरच आई म्हणायचं. त्याआधी नाही.

खांद्याशी फुगवटे असले तर शेजारी फुली मार.
गर्दी झाली, पान कडक व्हायला लागलं,
की पंखवाल्या जन्मतात.
"हे ठरवतं कोण?"
बहुतेक आईच. पोटात असतानाच.
तो दोन पानं काही बोलला नाही.
मग म्हणाला, आम्ही पाच भाऊ होतो
आणि अक्रोडाची झाडं तीन.

अकराव्या पानावर तो थांबला.
"ही कुठे लिहू?"
डोकं नवं, मिशा ओल्या, काचेसारख्या,
मागचं अर्धं अंग जुन्या कातीतच,
मोजा काढता काढता डुलकी लागावी तसं.
फॉर्मवर रकाने पाच: पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, आई.
शंका आली तर लहान धरा, असा नियम आहे.
मी सांगणारच होते.

माझा जुना व्हिसा रद्द झालाय, नवा यायचाय.
मधले तीस दिवस असतात, त्यातले नऊ गेले.
हे त्याला माहीत नाही.

थांबू जरा, मी म्हटलं.
कूलरचं पाणी झिरपत होतं, बाहेर टँकर मागे येत बोंबलत होता.
तिनं एक पाय सोडवला.
मग कितीतरी वेळ काहीच नाही.
मग दुसरा, आणि उरलेली सगळी एकदम.
कात पानावर राहिली, कोंड्याच्या कणासारखी,
तिच्याकडे न बघता ती शिरेपर्यंत चालत गेली
आणि सोंड टेकवली.

तोवर गुलफराजनं पेन्सिलीनं
फॉर्मच्या कडेला वाकडी रेघ ओढली होती.
वर नाव काही नाही. खाली एक.

संध्याकाळी ऑफिसातून फोन:
हा एक कोणता? बेरीज जुळत नाहीये.
चौथीत घाला, मी म्हटलं.
दुपारीच झाली ती.