शहाण्णव नंबर

बी आलं डोंगरातून, कापडी पुडीत,
चंपावतच्या बाईनं चटणीसाठी ठेवलेल्यातलं अर्धं.
इथे बडोद्यात, परवान्याच्या कुंपणात
ते उगवलं खरं,
पण दिवस आखडले असा समज करून घेऊन
गुडघ्याएवढं असतानाच फुलून मोकळं झालं.
घाईचं लग्न, म्हणाले दिघेसर,
यातून वाख निघायचा कसा?

तिसऱ्या पिढीला उंची आली.
मग इथला श्रावण:
वारा नाही, पाऊस नाही,
हवा नुसती अंगाला चिकटून उभी
ओल्या टॉवेलसारखी.
बाहेरून हिरवेगार, घट्ट, दृष्ट लागावी असे तुरे
बोटानं उघडले की आत
राखाडी लव.
कात्री स्पिरिटमध्ये बुडवायची, कापायचं,
पुन्हा बुडवायची.
संध्याकाळी हाताला येणारा वास
आई ओळखायची नि बोलायची नाही.
शेजारचे बोलायचे,
बेन, शिवरातीला आमची आठवण ठेवा.

मंगळवारी राठवा यायचे मोजायला.
झाडागणिक एक रेघ, पेन्सिल जिभेला लावून.
दोनशे अकरा. मेलेलं लगेच खोडायचं,
वहीबाहेरचं उपटायचं.
एकदा विचारलं, यात नशा किती?
म्हटलं, तुमच्या तंबाखूच्या डबीहून कमी.
हसले नाहीत. डबी खिशात खोल ढकलली.

पहाटे परागाची पाकिटं बांधायचे मी.
लाल दोरा चंपावत,
पिवळा मणिपूरच्या सखल शेतातला.
कोण कुणाचं, सगळं वहीत,
आमच्या घरच्या कुळवृत्तांतापेक्षा नीट.

आणि हे कुणाचं, ते वहीत नाही.
टाकीच्या गळक्या नळापाशी, विटांच्या फटीत
आपणहून आलेलं.
दोरा नाही, पाटी नाही.
फांद्या लांबच लांब, फुलं विरळ,
भांडण झाल्यासारखी एकमेकांपासून दूर बसलेली.
मधून मागची भिंत दिसते.
एकेक फूल उलटून पाहिलं.
लव नाही.

कुंपणातल्या दीडशेंना बुरशी
आणि हे नळाखाली राहून कोरडं.
मुळाशी हात घातला. माती गरम होती.
मंगळवार होता.

राठवा ओळीओळीनं आले. थांबले.
उकिडवं बसून दोन फुलांच्या मधून
बोट घातलं, आरपार.
आमच्या गावी मक्याचा कडबा असा रचतात, म्हणाले,
हात जाईल एवढी जागा ठेवून.
नाहीतर आतून तापतो.
मग उठून पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

शहाण्णव नंबर कालच गेलेलं, बुंध्यातून कुजून.
खोडायचं माझ्याकडून राहिलं होतं.
पाटी तशीच उभी, नुसत्या मातीत.

दोनशे अकरा, त्यांनी लिहिलं.
बराबर आहे ना, बेन?

पान हलत नव्हतं कुठलंच.
ते फाटकाबाहेर गेल्यावर
मी पाटी उपटली, पदराला पुसली,
आणि नळाकडे चालू लागले.