अर्धा सेंटिमीटर

पहिली गाडी आली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो.
चार हजार तीनशे मीटरवर गाडीलासुद्धा धाप लागते,
आम्हाला नाही.
ते उतरले, दहा पावलं चालले आणि मटकन खाली बसले.
आईनं कोकाच्या पानांचा काढा दिला,
म्हणाली, दमानं घ्या लेकरांनो,
इथं हवा पुरवून पुरवून खावी लागते.

मग पेट्या उघडल्या.
कुठंच न जाणारी सायकल.
श्वास साठवायची रबरी पिशवी.
आणि माझ्याहून उंच एक लाकडी पट्टी,
जी उचलायला त्यांच्यात दम नव्हता
म्हणून माझ्या खांद्यावर आली
आणि चाळीस वर्षं उतरली नाही.

इलारियो, विचार त्यांना: बटाटे किती खाता?
इलारियो, विचार: मुलं किती झाली, किती राहिली?
मी केचुआत विचारायचो, स्पॅनिशमध्ये सांगायचो,
ते आपल्या भाषेत लिहायचे.
तीन भाषा ओलांडून
फक्त आकडा पलीकडे पोचायचा,
सांगणारीचा हुंदका अलीकडेच, माझ्यापाशी.

आमच्या छात्या मोठ्या आहेत म्हणे.
फाउस्तिनो चाल्को म्हणाला, असतील,
पण जमीनदारापुढं कधी काढता आली का ती पुढं?
हे मी सांगितलं. ते हसले.
तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

अडुसष्ट साली नदी ओलांडताना लामा बुजला,
पट्टी दगडावर आपटली, खालच्या टोकाची कपची उडाली.
रात्री मी ते टोक सुरीनं तासून सारखं केलं.
अर्धा सेंटिमीटर गेला.
कुणाला बोललो नाही, नोकरी होती.
त्या वर्षापासून कागदावर
आमचं अख्खं गाव अर्धा सेंटिमीटर उंच झालं.
त्यांच्या अहवालात म्हणे यावर एक परिच्छेद आहे:
आहारात सुधारणा.

जुने गेले, त्यांचे विद्यार्थी आले,
मग विद्यार्थ्यांचे विद्यार्थी.
एक जण रात्री तंबूत रडायचा.
एकीनं इथंच लग्न केलं, टिकलं नाही.
बंदुकांच्या वर्षांत कुणी फिरकलं नाही,
आणि नंतर आले तेव्हा
बऱ्याच क्रमांकांपुढं मी नुसती मान हलवायचो.

गेल्या वर्षी आन्नेलीस आली, तरुण,
जुन्या कार्डांच्या नकला घेऊन.
तुमचं तुम्हाला परत, म्हणाली.
नेमेसिया तुरपोच्या वाट्याला आलं
तिच्या भावाचं कार्ड. क्रमांक दोनशे बारा.
अनास्तासियो, वय सात, साल एकोणसत्तर.
त्याच हिवाळ्यात गोवरानं गेला.
फोटो नाही. क्रूस होता, तो वाऱ्यानं नेला.
उंची एकशे नऊ पूर्णांक पाच.
छाती एकोणसाठ.

नेमेसियानं चाती थांबवली.
तिला सूत कातताना थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.
म्हणाली, इलारियो, हे केवढं असतं?

आन्नेलीसनं पोलादी टेप काढला, चकचकीत.
मी म्हटलं, थांब.
घरी गेलो, कोपऱ्यातून जुनी पट्टी आणली,
कोंबड्या बसून बसून पांढरी झालेली.
त्या पोराची खरी उंची
जगात फक्त त्या खोट्या पट्टीला ठाऊक होती.

दाराशी उभी धरली.
नेमेसियानं तपकिरी लोकरीचा दोर
जमिनीपासून खुणेपर्यंत ताणला,
तिथं गाठ मारली,
आणि वरचं टोक चौकटीच्या खिळ्याला बांधलं.
पायांशी वारा होता, दोर हलायचा,
सात वर्षांचं पोर एका जागी उभं राहत नाही तसा.
मग तिनं गाठीवर तळवा ठेवला
आणि काहीतरी पुटपुटली, बराच वेळ.

आन्नेलीसनं वही उघडली.
काय म्हणतायत त्या? इलारियो, विचार ना.

मी पट्टी खांद्यावर घेतली.